टाकी बांधायला पैसा येतो, मोटार चालवायला येत नाही : नाशिकच्या ग्रामपंचायती कुठे अडतात

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आणि तेराशेहून जास्त ग्रामपंचायती आहेत. यातल्या कुठल्याही गावच्या पारावर बसून विचारा, तुमची पंचायत का चालत नाही? उत्तरं ठरलेली असतात. सरपंच पैसे खातो, ग्रामसेवक भेटत नाही, लोक घरपट्टी भरत नाहीत. बोलणारा कोण आहे त्यावर क्रम तेवढा बदलतो. तिन्हींत तथ्य आहेच. पण उद्या सरपंच धुतल्या तांदळासारखा निघाला आणि ग्रामसेवक रोज दहाच्या ठोक्याला खुर्चीत बसायला लागला, तरी बहुतेक गावांचं गाडं आहे तिथेच अडेल. त्याची कारणं हिशोबात आणि अधिकारांच्या वाटणीत आहेत. ती सहसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

गावातलं पंचायतीचं किती?

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. घटनेला अकरावं परिशिष्ट जोडलं गेलं आणि शेती, पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे 29 विषय पंचायतींकडे सोपवावेत असं ठरलं. कागदावर हे भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात गावात एक फेरी मारा. शाळेतला गुरुजी जिल्हा परिषदेचा. अंगणवाडी महिला व बालविकासची. सातबारा देणारा तलाठी महसूल खात्याचा (2024 पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). वायरमन महावितरणचा. आशाताई आरोग्य विभागाच्या. यातल्या एकालाही सरपंच कामावर ठेवू शकत नाही, काढू शकत नाही, साधी रजाही नाकारू शकत नाही. खुद्द ग्रामसेवकाची बदली जिल्हा परिषद करते. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं 2024 मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं गेलं. लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

रस्त्यांचं तर विचारूच नका. गावातल्या गल्ल्या पंचायतीच्या. गाव सोडलं की ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामचे, मध्येच एखादा तुकडा पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा. चार किलोमीटरच्या अंतरात खड्ड्यांचे तीन मालक असतात आणि शिव्या मात्र एकट्या सरपंचाला. तो बिचारा फार तर निवेदन देतो आणि निवेदन देतानाचा फोटो ग्रुपवर टाकतो.

बंधित आणि अबंधित

पैसा दोन वाटांनी येतो. वरून अनुदान आणि खालून कर.

वरून येणाऱ्यात सगळ्यात मोठी रक्कम केंद्रीय वित्त आयोगाची. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे 2015 ते 2020, हा सगळा पैसा थेट ग्रामपंचायतींना मिळायचा. पंधराव्या आयोगाने (2020 ते 2026) वाटेकरी वाढवले. महाराष्ट्रात 80 टक्के ग्रामपंचायतीला आणि 10-10 टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. त्यातही अट अशी होती की 60 टक्के निधी ‘बंधित’. म्हणजे निम्मा स्वच्छतेवर आणि निम्मा पिण्याच्या पाण्यावरच खर्च करायचा. उरलेला 40 टक्के ‘अबंधित’, गावाच्या गरजेप्रमाणे. पण अबंधितमधूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता.

इथेच मुळातली गोम आहे. सरकार बांधायला पैसा देतं. टाकी, पाइपलाइन, गटार, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, स्मशानभूमीचं शेड. या सगळ्याला टेंडर असतं, फलक असतो, उद्घाटन असतं. उभं राहिलेलं रोज चालवायला जो पैसा लागतो तो गावाने आपला आपण उभा करायचा. नवी मोटारसायकल दारात लावून द्यायची आणि पेट्रोलचं तुमचं तुम्ही बघा म्हणायचं, असा हा कारभार.

जलजीवन मिशनचं उदाहरण घ्या. 15 ऑगस्ट 2019 ला घोषणा झाली, घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. जिल्हाभर खोदकामं झाली. पुढे केंद्राचा निधी रखडला, ठेकेदारांची बिलं थकली आणि 2025 मध्ये राज्यात अनेक ठिकाणी कामं अर्धवट पडली. अर्धवट कामांची चर्चा पुष्कळ झाली. माझ्या मते खरी परीक्षा पूर्ण झालेल्या योजनांची आहे, कारण योजना पूर्ण होऊन गावाच्या ताब्यात आली की पहिलं वीजबिल पंचायतीच्या नावाने येतं.

एक हिशोब मांडून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण गावाकडच्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. समजा 400 नळ कनेक्शनचं गाव. पाणीपट्टी महिना 100 रुपये. कागदावर वर्षाची मागणी 4 लाख 80 हजार. वसुली निम्मी धरू, 2 लाख 40 हजार. विहीर गावाजवळ आणि मोटार 5 एचपीची असेल, ती रोज आठ तास चालली, तर दिवसाला साधारण 30 युनिट. युनिटला 7 रुपये धरले तर वर्षाचं बिल 75 हजारांच्या आसपास. पाणी सोडणाऱ्या माणसाला महिना 8 हजार दिले तरी वर्षाचे 96 हजार. उरले 69 हजार. त्यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, गळती, व्हॉल्व्ह, वर्षात एकदा-दोनदा जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग. ओढूनताणून का होईना, भागतं.

आता हेच गाव उचलून पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यात ठेवा. विहीर खाली दरीत, टाकी वर टेकडीवर. 5 एचपीने पाणी वर चढत नाही, 20 एचपी लागते. वीजबिल थेट 3 लाखांवर गेलं. निम्मी वसुली म्हणजे 2 लाख 40 हजार. पाणी सोडणाऱ्याला एक रुपया द्यायच्या आतच पंचायत तोट्यात. मग बिल थकतं, वीज तोडली जाते आणि लाखो रुपयांची योजना शोभेची होऊन बसते. यात कुणी पैसे खाल्लेले नाहीत, हे लक्षात घ्या. सगळे प्रामाणिक असतानाही हे होतं.

बऱ्याच गावांना एकत्र जोडणाऱ्या प्रादेशिक योजनांत खर्च वाटला जातो, पण एका गावाने थकवलं की सगळ्यांच्या घशाला कोरड. येवल्याची 38 गाव योजना गावांची समिती चालवते आणि बरी चालते, म्हणून जिल्ह्यात तिचं नाव घेतलं जातं. तशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच.

घरपट्टी का वसूल होत नाही

गावाचा स्वतःचा असा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं. यावर कुणी अट घालत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही. म्हणून तोच सगळ्यात मोलाचा. आणि तोच येत नाही.

लोक फुकटे असतात हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. वसुलीला जातो तो ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा लिपिक, त्याच गावचा. ज्याच्या दारात उभा राहतो तो त्याचा चुलता, मावसभाऊ नाहीतर शेताचा शेजारी असतो. कायद्यात जप्तीची तरतूद आहे. पण भावकीतल्या माणसाच्या दारातली गाडी उचलून आणणारा सरपंच पुढची निवडणूक लढवायची हिंमत करेल का? 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली, 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा आलं. पद्धत कुठलीही असो, सात ते सतरा सदस्यांच्या पंचायतीत एकेक वॉर्ड चार-दोन मतांनी फिरतो. तिथे वसुली म्हणजे मतं घालवण्याचा उद्योग.

परिणाम असा की कर तेव्हाच भरला जातो जेव्हा कागद हवा असतो. नमुना आठचा (घराच्या नोंदीचा) उतारा, रहिवासी दाखला, कर्जासाठी ना हरकत. दाखला मागायला आलेल्या माणसाला लिपिक आधी थकबाकीची वही उघडून दाखवतो आणि मग तीन वर्षांची घरपट्टी एका दमात निघते. दुसरा मोसम निवडणुकीचा. मागणीचं बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात इच्छुक उमेदवार घरपट्टीच्या पावत्या फाडत फिरताना दिसतात. गावात त्या दिवसांइतकी वसुली एरवी वर्षभर होत नसेल.

आकारणीचाही घोळ आहे. 2015 च्या डिसेंबरपासून राज्यात भांडवली मूल्यावर आधारित कर आला, म्हणजे जागेचं आणि बांधकामाचं मूल्य, बांधकामाचा प्रकार आणि वय धरून आकारणी. दर चार वर्षांनी ती सुधारायची असते. पण मातीचं घर पाडून दोन मजली स्लॅब टाकला तरी वहीत अजून माती-कौलाचंच घर, असं सर्रास सापडतं. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीकडे, आणखी एक गंमत. अर्धं गाव मळ्यात राहतं. बंगला गावठाणाबाहेर शेतजमिनीच्या गटात बांधलेला, रस्ता, दिवा, नळ पंचायतीकडून हवा, पण नोंद लावायची वेळ आली की ते शेतघर असतं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्याला दळण फुकट देऊन वसुली वाढवली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. नाशिक जिल्ह्यातही तसे प्रयोग झाले पाहिजेत असं प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. नळाला रोज ठरल्या वेळी पाणी आलं की निम्मी वसुली आपोआप वाढते. आठवड्यातून दोनदा पाणी देणाऱ्या पंचायतीला बाराही महिन्यांची पाणीपट्टी द्यायची कुणालाच इच्छा होत नाही. मग पैसा नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून पैसा नाही, असं हे रहाटगाडगं फिरत राहतं.

पश्चिमेचे पाडे

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात, कुठे त्याहून जास्त. आणि एप्रिल उजाडला की टँकर. धरण उशाला अन् कोरड घशाला म्हणतात ते इथलंच. कातळ पाणी धरत नाही, उतार बराचसा पश्चिमेकडे, पुष्कळ पाऊस दमणगंगा, नार, पार या नद्यांतून गुजरातकडे निघून जातो. पूर्वेकडे नांदगाव-येवल्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो आणि टँकर तिथेही लागतोच. दोन्हीकडचं कारण मात्र वेगळं, आणि योजना सगळ्यांना सारखीच मिळते.

इथली मुख्य अडचण अंतराची. एक गट ग्रामपंचायत म्हणजे पाच-सहा पाडे, दोन डोंगरांमध्ये विखुरलेले. पंचायतीचं कार्यालय एका पाड्यावर आणि दाखला हवा असलेली आजी दुसऱ्या टोकाला. पावसाळ्यात मध्ये ओढा फुगला की दोन दिवस संपर्क नाही.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा आठवत असेल. खरशेत ग्रामपंचायतीतला. पाण्यासाठी बायका खोल घळीवरून लाकडाच्या बल्लीवर चालत जातात हे फोटो सगळीकडे फिरले, मंत्र्यांनी दखल घेतली आणि जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल आला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. पूल बांधायची घाई समजण्यासारखी होती. पण त्या पाण्याला किती उंचीचा आणि कसला पूल टिकेल हे मोजायला पंचायतीकडे अभियंता नसतो. पंचायत समितीत असतो, त्याच्याकडे पूर्ण तालुका असतो.

या पट्ट्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. राज्याने त्याचे नियम 2014 मध्ये केले आणि 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या 5 टक्के निधी अबंधित म्हणून थेट या ग्रामपंचायतींना द्यायला सुरुवात केली. कल्पना उत्तम आहे. गावाने स्वतः ठरवायचं आणि स्वतः खर्च करायचा. पण आराखडा लिहायला, अंदाजपत्रक काढायला, मोजमाप पुस्तिका भरायला माणूस लागतो. पैसा पडून राहिला म्हणून गावाला दोष देणं सोपं आहे, ते कागद गावात कोण लिहिणार हा प्रश्न मागे राहतो. 2022 च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या अशी मागणी केली होती. तेव्हा मुंबईत खळबळ उडाली. पलीकडच्या गावात रस्ता, वीज, दवाखाना आहे आणि आमच्याकडे नाही, एवढंच लोकांचं म्हणणं होतं.

शहराला चिकटलेली गावं

आता उलट टोक. विल्होळी, शिंदे, पळसे, एकलहरे, मातोरी, जलालपूर, गिरणारे. नाशिक महापालिका 7 नोव्हेंबर 1982 ला झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची वीसेक गावं त्यात गेली. हद्दीच्या रेषेपलीकडे जी राहिली ती आजही ग्रामपंचायत आहेत, पण जाऊन बघा, गाव म्हणायला जीभ धजत नाही. रो-हाऊस, अपार्टमेंट, लॉन्स, वेअरहाऊस, रिसॉर्ट. सकाळी अर्धं गाव अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला जातं.

या पंचायतींना पैसा कमी नसावा असं वाटतं. जमिनीचे व्यवहार होतात, मुद्रांक शुल्कातला हिस्सा येतो, नवीन घरांची घरपट्टी येते. पण वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर वाटला जातो, आणि ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. 2011 मध्ये दोन हजार वस्ती असलेल्या गावात आज आठ हजार लोक राहत असतील, तरी सरकारच्या हिशोबी ते दोन हजारच. सहा हजार माणसांचा कचरा, सांडपाणी आणि पाणी हे बिनहिशोबी. कोरोनामुळे 2021 ची जनगणना झालीच नाही. नवी 2027 मध्ये आहे आणि तिचे आकडे निधीच्या वाटपात येईपर्यंत आणखी काही वर्षं जातील. एप्रिल 2026 पासूनचा काळ सोळाव्या वित्त आयोगाचा, तरी नवी मोजणी तोवर कुठून येणार?

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. बांधकामाला परवानगी देणारं कार्यालय वेगळं आणि निस्तरणारं वेगळं. शहराबाहेरच्या या पट्ट्यात लेआउट आणि इमारती मंजूर करण्याचं काम नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. विकास शुल्क तिकडे जमा होतं. बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो. मग दीडशे कुटुंबं राहायला येतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीसमोर हंडे घेऊन उभी राहतात. एवढ्या घरांना पाणी कुठून द्यायचं हा प्रश्न परवानगीच्या वेळी पंचायतीला कुणी नीट विचारलेला नसतो. बोअरवेल आटली की टँकर, आणि टँकरचं बिल सोसायटीचं.

सांडपाण्याचं तर कुणी नावच काढत नाही. गावात उघडी गटार होती, ती चारशे माणसांच्या भांडी-अंघोळीच्या पाण्याला पुरायची. आता सेप्टिक टँक भरून वाहतात आणि पाणी जवळच्या नाल्यात जातं. नाला वालदेवीत, दारणेत किंवा थेट गोदावरीत. महापालिकेच्या हद्दीत मलनिस्सारण केंद्रं आहेत, हद्दीबाहेर पंचायतीकडे एक शोषखड्डा. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदेच्या शुद्धीकरणावर मोठमोठ्या बैठका होतात. नदी मात्र हद्द ओळखत नाही. कचऱ्याचीही तीच तऱ्हा. महापालिकेच्या सिटीलिंक सेवेची बस हद्द ओलांडून सिन्नर-त्र्यंबकपर्यंत जाते, महापालिकेची घंटागाडी हद्दीवरून मागे वळते.

मग ही गावं शहरात का जात नाहीत? मागणी आली की गावातूनच विरोध होतो, आणि तो अडाणीपणाचा नाही. शहरात गेलं की कर वाढतो, सरपंच जातो, ग्रामसभा जाते, आणि पाणी-ड्रेनेज येईल तेव्हा येईल. 1982 मध्ये शहरात गेलेल्या गावठाणांनी हे बघितलंय. 2018 मध्ये महापालिकेने मोकळ्या जमिनींवरही कर लावायचं ठरवलं तेव्हा हद्दीतले मळेवाले शेतकरी रस्त्यावर आले होते, ते शेजारच्या गावांनी पाहिलंय.

मधला रस्ता म्हणजे स्वतःची नगरपंचायत किंवा नगरपरिषद. 2014-15 मध्ये राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत केलं, त्यात पेठ, सुरगाणा, कळवण, देवळा, निफाड, दिंडोरी आली. नंतर ओझर आणि पिंपळगाव बसवंत नगरपरिषद झाले. दर्जा बदलला की मुख्याधिकारी येतो, नगररचनेचे अधिकार येतात, शहरी योजनांचा पैसा येतो. ग्रामीण घरकुल आणि रोजगार हमीसारख्या गोष्टी मात्र सुटतात. शेतमजुरांच्या वस्तीला हा सौदा महागात पडतो, मेन रोडवरच्या व्यापाऱ्याला परवडतो. त्यामुळे कुणाला विचारताय त्यावर उत्तर अवलंबून.

उद्योगांची गावं वेगळीच. गोंदे दुमाला, मुसळगाव. कारखान्यांच्या करामुळे यांचं उत्पन्न शेजारच्या गावांच्या कितीतरी पट. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 125 खाली कारखानदार आणि पंचायत यांच्यात ठोक रकमेचा करार होऊ शकतो, आणि ती रक्कम ठरवताना एकीकडे कंपनीचे वकील बसतात, दुसरीकडे बारावी शिकलेला सरपंच.

खुर्चीवरचा माणूस

सरपंचाला मानधन किती? 2024 मध्ये दुप्पट झाल्यावर लोकसंख्येनुसार महिना 6, 8 किंवा 10 हजार. सदस्याला बैठकीचा भत्ता 200 रुपये. एवढ्यावर तालुक्याला खेटे घालायचे, आलेल्या साहेबांना चहा-नाश्ता द्यायचा, लग्नं-दहावे करायचे. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तोच या खुर्चीत टिकतो, किंवा जो खुर्चीतून पैसा काढतो तो. देवळा तालुक्यातल्या उमराण्यात तर सरपंचपदासाठी 2 कोटी 5 लाखांची बोली लागली, मंदिराच्या कामासाठी म्हणून. चित्रफिती बाहेर आल्या आणि जानेवारी 2021 ची तिथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली. बोलीवरून गावाला नावं ठेवणं ठीकच. पण मंदिराला दोन कोटी जमू शकतात त्याच गावांत पाणीपट्टीचे बाराशे रुपये का निघत नाहीत, हे मला कोडंच वाटतं.

निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्याला दशक उलटून गेलं. ‘सरपंचपती’ अजून आहेतच. पण आता एक बदल दिसतो. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. त्या सहीचं डोंगल ज्या बाईने स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली, तिच्या घरातला कारभार बदलतो. नवऱ्याला निदान विचारावं तरी लागतं.

ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा एकापेक्षा जास्त गावं असतात. सोमवारी इथे, मंगळवारी तिथे, बुधवारी पंचायत समितीत मीटिंग, उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात. त्यात सर्व्हर डाऊन. गावकऱ्याला तो भेटत नाही हे खरं, आणि तो रिकामा बसलेला नसतो हेही खरं.

वरच्या मजल्यावर तर माणूसच नव्हता. नाशिक जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि आरक्षणाच्या वादात पुढची वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. निवडून आलेलं सभागृह नाही म्हणून वित्त आयोगाचा जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा वाटा केंद्राने रोखला. जिल्हा परिषदेच्या गटातला (मतदारसंघातला) सदस्य नसला की गावाचा रस्ता आराखड्यात ढकलायला माणूस उरत नाही. मग सगळे आमदाराकडे जातात, आणि आमदाराचा निधी ज्या गावाने मतं दिली तिकडे आधी वळतो.

ग्रामसभेत जाऊन काय विचारायचं

वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी आकडा लागतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. अनेक गावांत त्यामुळे पंचवीस-तीस माणसांसमोर वर्षाचे ठराव होऊन जातात. सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या जातात, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

गेलात तर खड्डा कधी बुजणार हे विचारण्यात वेळ घालवू नका, त्याचं उत्तर लवकरच असंच येतं. पाणीपट्टीची मागणी किती, वसुली किती, आणि पाण्याच्या मोटारीचं वीजबिल किती, हे तीन आकडे मागा. तुमच्या गावची योजना पुढच्या उन्हाळ्यात चालेल की नाही ते त्या तीन आकड्यांत दिसतं. शहराजवळच्या गावात असाल तर नवा लेआउट मंजूर होताना त्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची सोय काय, हे पंचायतीने प्राधिकरणाला लेखी विचारलंय का, ते विचारा आणि त्या पत्राची प्रत बघायला मागा.

गावाचा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की कुठल्या कामावर किती रक्कम खर्ची पडली ते येतं. तिथे पूर्ण दाखवलेलं गटार तुमच्या गल्लीत नसेल तर सभेत नुसतं ओरडू नका. ग्रामसेवकाला तो मुद्दा प्रोसिडिंगच्या वहीत लिहायला लावा, लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा आणि मगच हजेरीच्या रजिस्टरवर सही करा.